टांगत्या मल्लखांबाचे वस्ताद दगडूबा

पालीच्या तालमीचे वस्ताद दगडूबा यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांची माझी पहिली गाठ बीडच्या उरसात पडली. मी ताशा वाजवत होतो आणि साखळीला टांगलेल्या मल्लखांबावर वस्ताद आपले जोडीदार म्हादबा यांच्यासह झुलत होते. उतरल्यावर माझे नाव विचारून म्हणाले, "हुसेनभाई, तुमचा ठेका लई चांगला हाय. पालीला येत जा." तेव्हापासून मी जात राहिलो.

मल्लखांब मुळात पैलवानांची मेहनत. वस्तादांनी तो ठेक्यावर आणला, त्याचा नाच केला. जुने पैलवान नाके मुरडत. वस्ताद त्यांना रामराम घालून पुन्हा खांबावर चढत.

मग प्लेग आला. सरकारी हुकमाने गाव खाली झाले, लोक माळावर झोपड्या घालून राहिले. म्हादबा तिथेच वारले. वस्तादांनी म्हादबांच्या आईला आपल्या झोपडीत आणले आणि अखेरपर्यंत सांभाळले.

साथ सरल्यावर गाव परतले, पण तालमीत कोणी पाऊल टाकेना. खांब आपोआप फिरतो, अशी बोलवा होती. पाटलांनी तो तोडून जाळायचे ठरवले. त्या दिवशी वस्तादांसोबत मीही तिथे होतो. भर दुपार, वारा पडलेला. तरी खांब सावकाश फिरत होता, वर कोणी चढत असावे तसा. साखळी कुरकुरत होती. कुऱ्हाड घेऊन आलेला गडी दारातच थबकला.

"आमचा डाव अर्धा राह्यलाय," वस्ताद पाटलांना म्हणाले. "तेवढा होऊ द्या. हुसेनभाई, वाजवा."

मी ताशा वाजवू लागलो. वस्ताद जोडीचा डाव एकटेच करू लागले. त्या डावात एका जागी खांब सोडायचा असतो. वरून म्हादबा त्यांचे मनगट धरत. वस्तादांनी हात वर केला आणि खांब सोडला. ते पडले नाहीत. रिकाम्या हवेत लोंबकळत राहिले, मग पुन्हा खांबाला बिलगून हळूहळू उतरले. साखळी गप्प झाली होती. त्यांच्या मनगटावर बोटांचे वळ होते.

पाटील गड्याला घेऊन निघून गेले. पुढे त्यांनी आपलाच नातू तालमीत घातला आणि त्याच्यामागून गावची पोरे आली.

परवा मी विचारले, "वस्ताद, त्या दिवशी भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की," ते म्हणाले. "पण हात वळखीचा होता."

वस्तादांना उदंड आयुष्य लाभो, सांधे शाबूत राहोत, आणि यापुढे त्यांना धरायला आम्हा जिवंत माणसांचेच हात पुरोत.