काकूंच्या परसातले तेलखाऊ

आमच्या लॅबमध्ये निष्कर्षांपेक्षा किस्सेच जास्त साठतात. चहाला दोघं जमले की हडपसरच्या काकूंचा विषय निघतोच. त्यांच्या परसात पूर्वी मेथी व्हायची, थेट मंडईत जायची. मग ती जागा एका गॅरेजला दिली. गॅरेज गेलं, पण काळं ऑइल मातीत मुरलं आणि तिथं गवतही उगवेना. काकूंचं म्हणणं एकच, "डोळं मिटायच्या आत तिथं मेथी बघायची हाय!" आमच्या मॅडमनी शब्द दिला. तेल खाणारे जिवाणू चिकणमातीत मिसळून जमिनीत सोडायचे. चिकणमातीत ओल टिकते, जिवाणूंना आसरा मिळतो.

*

चिकणमाती म्हणून मॅडम मुलतानी माती आणायला मंडईजवळच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेल्या. "अख्खी गोणी हवीय."

"चेहऱ्याला?" दुकानदारानं मान वर न करता विचारलं.

"नाही हो, हडपसरच्या जमिनीला!"

"मग एका गोणीनं काय होणार?"

*

जिवाणूंचा कॅन मांडीवर घेऊन मी आणि मॅडम स्वारगेटहून रिक्षात बसलो. रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. "आत काय आहे?"

"जिवाणू."

"किती?"

"असतील अब्जावधी."

त्यानं रिक्षा बाजूलाच घेतली. "मॅडम, तीनच सीट अलाउड आहेत!" नेऊन सोडलं मात्र अगदी काकूंच्या दारात. देव त्याचं भलं करो.

*

माती जरा भुसभुशीत व्हायला लागली होती. तेवढ्यात सण आला आणि काकूंच्या मिस्टरांनी, म्हणजे काकांनी, सगळ्या परसात फिनेल शिंपडलं. जिवाणू खलास! मॅडमनी डोक्याला हात लावला.

काका गोंधळले. "अवो, तुम्हीच म्हणला ना, हितं जंतू हायेत म्हणून!"

पुन्हा गोणी, पुन्हा कॅन, पुन्हा रिक्षा. तेव्हापासून काकाच पहाऱ्याला. कुणी चूळ भरायला तिकडे वळलं तरी ओरडायचे.

*

काकूंनी एकदा विचारलं, "तेल संपल्यावर ह्ये काय खाणार?"

मॅडम खरं तेच बोलल्या. "बहुतेक मरतील."

दुसऱ्या दिवशी सकाळीच काकूंचा फोन! "मॅडम, थोडं तेल मागं ठेवलं तर चालंल का?"

पीएचडीच्या व्हायव्हातही मॅडमना इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता.

*

शेवटी मेथी उगवली. पण रिपोर्ट येईपर्यंत पानही तोंडात घालायचं नाही, मॅडमची ताकीद. वाफ्याजवळ कुणी स्कूटर लावली तरी त्या खवळायच्या. "थेंबभर तेल पडता कामा नये!"

रिपोर्ट आला. खायला हरकत नाही! काकूंनी आम्हाला जेवायला बोलावलं. इतकी वर्षं लॅबमध्ये काढली, पण आपण कुणाच्या तरी उपयोगी पडलो असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं. काकूंचे उपकारच म्हणायचे.

पानं वाढली, पण काकू नैवेद्याची ताटली घेऊन परसात गेल्या. आम्ही मागोमाग. त्यांनी भाकरी आणि मेथीची भाजी वाफ्याच्या कडेला ठेवली. मग चमचाभर शेंगतेल मातीवर सोडलं. काकांनी चपला काढल्या. मी घाबरून मॅडमकडे पाहिलं.

मॅडम वाकून मातीकडे बघत होत्या. म्हणाल्या, "काकू, एका चमच्यानं काय होणार?"