सिताराताईंची फेरपरीक्षा

वारूळवाडीच्या अलीकडे, हमरस्त्याला लागून असलेल्या एका पत्र्याच्या शेडमध्ये रुग्णवाहिका उभी असते. पुढच्या आसनावर भिमाजी बसतात आणि मागे, रुग्णाच्या उशाशी, सितारा मणियार. भिमाजींना वाहन चालविण्याचा परवाना पुरतो. सिताराताईंना मात्र आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञाचे प्रमाणपत्र लागते, आणि ते एकदा मिळाले की जन्मभर पुरले, असे होत नाही. ठरावीक मुदतीने पुन्हा परीक्षकासमोर उभे राहावे लागते, रबरी पुतळ्याच्या छातीवर दाब द्यावा लागतो आणि आपले हात अजून तयार आहेत हे दाखवून द्यावे लागते. हा सोपस्कार सिताराताईंनी आजवर विनासायास पार पाडला होता. या खेपेस त्या नापास होऊन परतल्या, तेव्हा त्या बातमीवर सर्वांत उशिरा विश्वास बसला तो त्यांचाच.

त्यांच्या आईचे जुन्नरच्या बाजारपेठेत बांगड्यांचे दुकान आहे. अनोळखी बाईचा हात हातात घेणे, तो हळुवार दाबून माप ओळखणे आणि तिला न दुखविता काचेची बांगडी मनगटावर चढविणे, हे सिताराताई लहानपणापासून पाहत आल्या. पुढे एका खासगी इस्पितळात मदतनीस म्हणून लागल्यावर त्यांना नाडी चटकन सापडे, याचे इतरांना नवल वाटे. त्यांना स्वतःला वाटत नसे. त्यांनी पुण्यास राहून अभ्यासक्रम पूर्ण केला आणि त्या रुग्णवाहिकेवर रुजू झाल्या. नव्याने येणाऱ्या उमेदवारांना त्यांच्याच हाताखाली तयार केले जाई. वृषाली ही त्यांपैकीच एक. पट्टी आवळल्यावर रुग्णाच्या बोटांचा रंग पाहावा, हे तिला सिताराताईंनीच शिकविले होते. तीच वृषाली आता प्रशिक्षक झाली होती, आणि या वर्षी परीक्षक म्हणून आली होती.

प्रात्यक्षिक जुन्नरमधील एका सभागृहात होते. जमिनीवर सतरंजी, सतरंजीवर पुतळा.

"ताई, शेतात पाण्याच्या मोटारीच्या पेटीजवळ हा माणूस पडलाय," वृषाली म्हणाली. "तुम्ही पोचलात. करा सुरू."

सिताराताई तत्काळ गुडघ्यांवर बसल्या. खांदे हलवून हाक मारली, मदत मागवली, श्वास पाहिला, गळ्याशी नाडी पाहिली आणि छातीवर दाब देण्यास आरंभ केला. लय इतकी पक्की होती की मागे बसलेले उमेदवार मान डोलावू लागले.

"थांबा, ताई."

"का गं? दाब कमी पडतोय?"

"दाब उत्तम आहे. पण तुम्ही आता जिवंत नाही."

वृषालीने पुतळ्याचा डावा हात उचलला. त्याखालून विजेच्या तारेचा एक तुकडा निघाला. त्याचे दुसरे टोक सतरंजीच्या कडेला उघडेच दिसत होते.

"हे तू सांगितलं नाहीस," सिताराताई म्हणाल्या.

"शेतात कोण सांगतं, ताई? जागा सुरक्षित आहे का, ते आधी तुम्ही बघायचं. ती पायरी चुकली की पुढचं मला मोजताच येत नाही." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "महिना संपायच्या आत फेरपरीक्षा घेते. तोवर जुनं प्रमाणपत्र चालेल."

त्या फेरपरीक्षेतही अपयश आले, तर काय होणार हे दोघींनाही ठाऊक होते. सिताराताईंना गाडीवरून उतरून पुण्यास संपूर्ण अभ्यासक्रम पुन्हा करावा लागला असता. आणि त्या भागात प्रमाणपत्र असलेले दुसरे कोणी नसल्याने शेडमधील गाडी रुग्णांसाठी बंदच राहिली असती.

भिमाजींना हे ऐकून संताप आला. "आपल्याच गाडीत शिकली की ती पोर! टाकायची राव एक सही. लई शिस्तीची झाली!"

"तिचं चुकलं नाही, भिमाजीभाऊ."

"मग काय तुमचं चुकलं? एवढी माणसं वाचवली तुमी, कुणी इचारलं का कधी, तार कुठाय म्हणून?"

भिमाजींनी हे सांत्वनासाठी म्हटले होते, परंतु ते वाक्य सिताराताईंच्या मनात रुतून बसले. खरोखरच, कोणी कधी विचारले नव्हते. विचारण्याचा प्रसंगच येत नसे. या भागात उसातून जाणारे रस्ते अरुंद. मोठी गाडी आत शिरली तर वळायला जागा मिळत नाही. त्यामुळे एक रीतच पडून गेली होती. फोन येताच भिमाजी फाट्यावर जात, गाडी इस्पितळाच्या दिशेने वळवून ठेवत आणि मागचे दार उघडून उभे राहत. गावकरी रुग्णाला पिकअपमध्ये घालून फाट्यावर आणत. या तत्परतेचा दोघांनाही अभिमान होता. परंतु या रीतीमुळे सिताराताईंची गाठ केवळ रुग्णाशी पडे. तो जिथे पडला ती जागा त्यांनी वर्षानुवर्षे पाहिलीच नव्हती, आणि न पाहता राहण्याची त्यांच्या हातांना सवय झाली होती.

रविवारी त्या आईच्या दुकानात बसल्या होत्या. एक तरुण बाई कडेवर मूल घेऊन आली आणि उभ्यानेच तिने हात पुढे केला. आईने हात घेतला नाही. म्हातारीने आधी तिला बसविले, मूल पलीकडे चटईवर ठेवायला लावले, पायाशी पडलेले काचेचे तुकडे झाडून घेतले आणि मगच माप पाहिले. हे दृश्य सिताराताईंनी आयुष्यभर पाहिले होते. त्या दिवशी मात्र त्या उगाच उठून दाराशी जाऊन उभ्या राहिल्या.

फेरपरीक्षेच्या आदल्या आठवड्यात, भर दुपारी, अवसरी खुर्दच्या बाजूने फोन आला. शेतात माणूस बेशुद्ध पडला आहे, घेऊन येतो, फाट्यावर थांबा. भिमाजींनी नेहमीप्रमाणे गाडी वळवून ठेवली. थोड्याच वेळात धुरळा उडवीत पिकअप आला. मागे ताडपत्रीवर दादाभाऊ नावाचा पन्नाशीचा शेतकरी निपचित पडला होता. सोबत त्याचा पुतण्या सुनील होता.

"ऊन लागलं, ताई! चक्कर येऊन पडलं चुलतं. चला बिगीबिगी!"

दादाभाऊंचा श्वास चालू होता, नाडी भरभर पळत होती. सिताराताईंनी त्यांना आत घेऊन प्राणवायूचा मुखवटा लावला. भिमाजींनी दार लोटण्यासाठी हात पुढे केला.

"थांबा, भाऊ. सुनील, हे पडले कुठं?"

"हिरीत. म्हंजे पाण्यात न्हाई, वरच्या टप्प्यावर. पाणी खाली गेलंय ना, म्हणून डिझेल इंजिन खाली उतरवलंय. ते बघाया गेलं व्हतं."

"वर कुणी आणलं?"

"जानकूनं, आमच्या गड्यानं. दोर बांधून. त्याचंबी डोकं ठणकाया लागलंय म्हणत व्हता."

"ताई, उशीर व्हतोय," भिमाजी पुटपुटले.

"इंजिन बंद केलंत?"

"न्हाई ना, त्या गडबडीत ऱ्हायलं. जानकू गेलाय आता बंद कराया."

सिताराताईंच्या डोळ्यांपुढे सतरंजीवरची ती तार उभी राहिली. त्या जवळजवळ ओरडल्याच. "फोन लाव! विहिरीवर जो असेल त्याला लाव! खाली कुणी उतरायचं नाही!"

जानकूने फोन उचलला नाही. मग सुनीलने शेजारच्या शीलाबाईंना लावला आणि फोन सिताराताईंच्या हाती दिला. शीलाबाई विहिरीच्या काठावरच होत्या.

"शीलाबाई, जानकू कुठं आहे?"

"हा काय, उतरतोय की पायऱ्या."

"वर बोलवा त्याला. आत्ताच्या आत्ता. विहिरीत इंजिनाचा धूर कोंडलाय, तो विषारी असतो. वास आला नाही तरी माणूस पडतो."

फोनमधून शीलाबाईंचा खणखणीत आवाज आला, "आरं ए जानक्या! वर ये मुडद्या! धूर हाय इषारी!" आणि त्यामागून, दुरून, जानकूची तक्रार: "आन् डिझेल जळतंय त्याचं काय?"

"जळू द्या डिझेल!" सिताराताई म्हणाल्या. "संपलं की इंजिन आपोआप बंद पडेल. त्यानंतरही कुणी उतरू नका, अग्निशमन दलाला फोन करा. आणि जानकूला वर मोकळ्या हवेत बसवा, डोकं दुखतंय तर त्यालाही इस्पितळात आणा."

काही वेळाने शीलाबाई म्हणाल्या, "आला वर. शिव्या देतोय."

"देऊ द्या. देतोय तोवर बरा आहे."

दार बंद झाले, गाडी निघाली. इस्पितळात पोहोचण्यापूर्वीच दादाभाऊंनी डोळे उघडले आणि मुखवटा काढण्याचा हट्ट धरला. सिताराताईंनी त्यांचा हात हातात धरून ठेवला. संध्याकाळी जानकूही तपासून घरी गेला. गाडीच्या दिवसाच्या अहवालात एकाच रुग्णाची नोंद झाली. जे घडले नाही ते लिहिण्यासाठी अहवालात जागा नसते. परतीच्या वाटेवर भिमाजी एवढेच म्हणाले, "मी दार लावत व्हतो."

"मीही आजवर लावूच देत होते, भाऊ."

फेरपरीक्षा त्याच सभागृहात झाली. या वेळी पुतळ्याजवळ एक खुर्ची कलंडलेली होती.

"स्वयंपाकघर आहे," वृषाली म्हणाली. "बाई खाली पडली आहे."

सिताराताई दाराशीच थांबल्या. वर पाहिले, खाली पाहिले, पुतळ्याचे दोन्ही हात पाहिले. "गॅस?"

"बंद केला."

"वीज?"

"बंद केली."

"घरात आणखी कोण आहे?"

वृषालीने हातातील कागदाकडे पाहिले. हा प्रश्न तिथे नसावा. तिने मान वर केली. "कुणी नाही, ताई. बघितलं मी."

मगच सिताराताई गुडघ्यांवर बसल्या.

नवे प्रमाणपत्र देताना वृषाली घुटमळली. "मागच्या वेळी रागावला होतात ना माझ्यावर?"

"रागावले होते," सिताराताईंनी मान्य केले. "तू तेव्हा सही केली असतीस, तर आज अवसरीत एका घरी सांत्वनाला जाऊन बसावं लागलं असतं मला." मग त्यांनी विहिरीची हकिकत तिला सविस्तर सांगितली. वृषालीने ती ऐकली आणि पुढच्या तुकडीला सांगण्याची परवानगी मागितली. जानकूचे नाव बदलायचे, या अटीवर ती मिळाली.

पुढे काही दिवसांनी एका फाट्यावर मोटारसायकलवरून पडलेल्या तरुणाला लोक घेऊन आले. गुडघा फुटला होता, बाकी तो धडधाकट होता. सिताराताई काही बोलण्याआधी भिमाजीच पुढे झाले.

"मागं आणखी कुणी ऱ्हायलंय का तिथं?"

"म्हस हाय," तरुण कण्हत म्हणाला. "तिलाच धडकलो."

"तिला लागलंय का?"

"न्हाई. ती उभी हाय रस्त्यात."

भिमाजींनी सिताराताईंकडे पाहिले. सिताराताईंनी होकारार्थी मान डोलावली. "रस्त्यात उभी आहे ना? मग आधी कुणीतरी जाऊन तिला बाजूला घ्या. मागून दुसरी गाडी येईल."

दोन माणसे पळत गेली. मग सिताराताईंनी तरुणाचा हात हातात घेतला आणि नाडी पाहिली.