'एलिझा, चप्पल घाल'चं रेकॉर्डिंग

लग्नाच्या बँडवाल्यांना स्टुडिओत नेलं की गाणं एक निघतं आणि किस्से पोतंभर. आमचं गाणं किती जणांनी ऐकलं देव जाणे, किस्से मात्र भाईंदरपासून उत्तनपर्यंत फिरतायत. माझ्याकडून ऐकाल तर निदान मीठमसाला कमी असेल.

उत्तनजवळच्या डोंगरीचे बस्त्याव मामा आमचे बँडमास्टर. ट्रम्पेट वाजवतात. तरुणपणी त्यांनी एक रॉक अँड रोल गाणं बांधलं, 'एलिझा, चप्पल घाल'. डोंगरीत त्याच्याशिवाय वरात हलत नाही, पण रेकॉर्ड ते कधी झालंच नव्हतं. आणि आता मामांचे दात हलायला लागले. दात गेले की ट्रम्पेट गेला, असं ते स्वतःच म्हणायचे.

डेंटिस्टबाई म्हणाल्या, "सगळे काढावे लागतील."

मामा म्हणाले, "काढा की. मागून सुरुवात करा. पुढच्यांपर्यंत याल तोवर आमचं गाणं होतंय."

*

स्टुडिओ भाईंदरच्या हितेशभाईंचा. तिथे एरवी भजनं होतात. त्यांनी सगळ्यांना हेडफोन चढवले आणि लयीसाठी टिकटिक सुरू केली. आमचा ढोलवाला सावंत मूळचाच उतावळा. टिकटिक मागे पडली.

"मामा, क्लिक के साथ चलो ना," हितेशभाई म्हणाले.

मामांनी शांतपणे हेडफोन काढला. "त्याला सांगा, आमच्या मागून ये. बँड पुढे, वरात मागे."

*

भजनाच्या स्टुडिओत चपला-बूट बाहेर काढायचे. मामा लय धरतात ती उजव्या बुटाच्या टाचेवर. बूट बाहेर गेला, पाठोपाठ लयही गेली!

शेवटी सावंतने बूट बेसिनमध्ये साबण लावून धुतला आणि हितेशभाईंनी खाली पेपर अंथरला. 'चप्पल घाल' म्हणणारं गाणं मामांनी एका पायात बूट घालून वाजवलं. नीट कान दिलात तर मागे पेपर चुरचुरतो.

*

खरी पंचाईत पुढेच होती. वरातीतल्या गाण्याला शेवट नसतो. नवरा मंडपात पोचला की मामा ट्रम्पेट खाली घेतात, तोच शेवट. स्टुडिओत नवराच नाही, मग थांबायचं कशाला? हितेशभाई काचेपलीकडून दोन्ही हात हलवत होते. आम्हाला वाटलं गडी खूश आहे, म्हणून आम्ही आणखी जोरात.

ते घामाघूम होऊन आत आले आणि मला म्हणाले, "भाई, ये रुकेगा कैसे?"

मी काशीगावचा गिटारवाला, बँडमध्ये सगळ्यात नवा. मी म्हटलं, "नवरा लागेल."

पुढच्या टेकला हितेशभाई कोट चढवून, खिशात फूल खोचून दारातून सावकाश चालत आले. मामांनी ट्रम्पेट खाली घेतला. टेक ओके.

*

मग दात गेले, कवळी आली आणि गाणं रिलीज झालं. मी मामांना मोबाईलवर दाखवलं. त्यांनी मोबाईल उलटसुलट करून बघितला.

"हातात काय देतात?"

"हातात काही नाही मामा. कुठेही, कधीही ऐकायचं."

"म्हणजे आता वरातीत मी बी नको, तुम्ही बी नको." हसत म्हणाले, पण मला ते लागलं.

*

पुढचं लग्न डोंगरीतलंच. कवळी घालून फुंकलं की कवळीच सटकायची, म्हणून टेम्पोवरच्या स्पीकरला आमची रेकॉर्ड लावली. मामा सवयीने ट्रम्पेट हातात घेऊन सगळ्यांच्या पुढे नुसते चालत होते. पोरी नाचत होत्या, म्हाताऱ्या नाचत होत्या.

आणि स्टुडिओत जिथे हितेशभाई दारातून आले होते, बरोबर तिथे गाणं संपलं. नवरा अर्ध्या वाटेत. मंडप अजून दिसतही नव्हता. नाचणारे जागच्या जागी थांबले. टेम्पोवाला पुन्हा लावायला मोबाईल चाचपडत होता.

मामांनी तोंडातली कवळी काढली, रुमालात गुंडाळली आणि माझ्या हातात दिली.

"नवरा अजून रस्त्यात हाय," ते म्हणाले, आणि ट्रम्पेट ओठांना लावला.