शेपटाला पाणी

माझ्या साडूंइतका पाण्यावर विश्वास ठेवणारा आणि माणसांना दमवणारा माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात सापडायचा नाही. वालूरकडच्या कालव्यावर पाणी सोडायची नोकरी करून ते निवृत्त झाले, पण डोक्यातला कालवा अजून वाहतोच आहे. लग्नाच्या पंगतीत वाढपी पुढच्याच पानांवर रेंगाळला, की हे उभे राहून ओरडणार, "आधी शेपटाला द्या! वरचे काय, घेतच राहत्यात!" नोकरीत असताना पाणीपाळीच्या दिवशी कालव्याच्या शेपटाला, म्हणजे अगदी शेवटच्या शेताला, पाणी लागल्याचा निरोप येईपर्यंत हे घास तोंडात घालत नसत. मेहुणीच्या किती भाकरी त्यापायी वाळल्या, देव जाणे.

गेल्या वर्षी त्यांच्या पोटात कळ उठली. आतड्याला रक्त नेणाऱ्या धमनीचा आतला पदर फाटला होता. रक्त भलत्याच फटीत शिरून मूळ वाट दबली होती. डॉक्टरांनी आत जाळी बसवून वाट मोकळी केली आणि रक्त पातळ राहायची गोळी दिली. त्यांना दवाखान्यात नेणं-आणणं अर्थातच माझ्याकडे, कारण सेलूत रिकामटेकडा मीच. काही दिवस बरे गेले. मग जेवलं की पुन्हा पोट दुखायला लागलं. तपासणीत आतड्याकडचा प्रवाह मंदावलेला दिसला.

"गोळी रोज घेताय ना, काका?" डॉक्टरांनी विचारलं.

"बंद केली की," साडू शांतपणे म्हणाले. "भेगाळल्या पाटात गढूळ पाणी सोडावं लागतंय. गाळ बसला की गळती थांबती. तुमी तर पाणीच पातळ करायलाव!"

मी कपाळाला हात लावला. डॉक्टर म्हणाले, "गाळ जाळीतच बसायलाय, काका. अजून बसला तर पुढचं आतडं वाळून जाईल."

"म्हंजी शेपटाला पाणी न्हाई?" साडूंचा चेहरा पडला. गोळी त्यांनी तिथंच मागून घेतली. पुन्हा सुया, पुन्हा बाकावरचं बसणं. मी अगदी वैतागून गेलो.

आता प्रवाह सुधारलाय. दुपारी जेवण झालं की ते पोटावर हात ठेवून बसतात, कळ उठत नाही याची खात्री करतात आणि मला फोन लावतात. "साडू, पोचलं." बस, एवढंच. ऐन जेवायच्या वेळी रोजची ही कटकट. परवा मात्र फोन आलाच नाही. वरण निवलं. "घ्या की आता," बायको म्हणाली. मला घास उचलवेना.

अखेर फोन वाजला, तेव्हा आधी मी त्यांच्यावर खेकसलो.

"अहो, डोळा लागला व्हता," ते म्हणाले. "पोचलं की कवाच. तुमी जेवलाव का?"

गार भाकरीचा तुकडा मोडत मी "हो" म्हणालो.