मासे न दाखवणारं यंत्र

मामा दुकानात आले तेव्हा मी जळालेल्या पाणबुडी मोटारीत नवी तार भरत होतो. लोणारला माझं मोटारी आणि स्टार्टर दुरुस्तीचं दुकान आहे. मामा सहसा तिकडे फिरकत नाहीत. त्यांचं गाव धरणाच्या काठाला. लहान होडी, दोन-चार जाळी आणि मामी, एवढ्यावर त्यांचं चालतं. त्यांनी फोन पुढे केला. व्हिडिओत कुणीतरी पाण्यात एक गोळा टाकत होता आणि पडद्यावर मासे पोहत होते. असं यंत्र त्यांना हवं होतं. अशा यंत्रांतलं खरं कोणतं आणि खोटं कोणतं, हे मी बघून द्यावं, असं त्यांचं म्हणणं होतं.

आजवर त्यांना यंत्राची गरज पडली नव्हती, कारण मोठे मामा होते. धरणाच्या पोटात जुनं गाव आहे. भिंती, बाभळी, बांध, सगळं तसंच पाण्याखाली गेलं आणि जाळी त्यात अडकून फाटतात. टेकडीवरचा लिंब आणि पाण्याची टाकी एका रेषेत आली की इथं जाळं टाकू नको, अशा खुणा मोठ्या मामांच्या डोक्यात होत्या. गेल्या वर्षी ते वारले. मामा इतकी वर्षं त्यांच्यामागे फक्त वल्हं मारत होते, हे मामांनीच मला सांगितलं, आणि सांगताना ते मोटारीच्या तारांकडे बघत होते.

मी दोन यंत्रं आणवली. एक व्हिडिओतला गोळा. तो दोरीने पाण्यात सोडायचा आणि फोनवर बघायचं. दुसरं जालन्याच्या ओळखीच्या दुकानदाराने आठवड्यासाठी दिलं. त्याला स्वतःचा छोटा पडदा होता आणि तारेने जोडलेली एक डबी, जी होडीच्या मागच्या बाजूला पाण्यात बुडवून बसवायची. दोन्हींचं तत्त्व एकच. यंत्र पाण्यात आवाज सोडतं, तो तळाला आपटून परत येतो, आणि त्याला लागलेल्या वेळावरून खोली कळते.

आधी मी गोळा मित्राच्या शेतातल्या विहिरीत सोडला. ती विहीर उन्हाळ्यातच उपसून गाळ काढलेली होती, त्यात मासा असणं शक्य नव्हतं. फोनवर सात मासे आले. आवाज विहिरीच्या कडांवरून परत येत असणार आणि गोळा त्याचेच मासे करून दाखवत होता. दुसऱ्या यंत्राने तळाची एक जाड रेघ आणि कडांची गिचमिड दाखवली.

रविवारी आम्ही होडीत बसलो. मामांना पडदा बघायचा होता म्हणून वल्ह्याला मामी आल्या. यंत्राला मी फवारणी पंपाची बॅटरी जोडली. दर दोन फुटांवर गाठ मारलेल्या दोरीला दगड बांधून मी ठिकठिकाणी खोली मोजली. तारेच्या यंत्राचा आकडा दोरीशी जवळजवळ जुळत होता. गोळ्याचा कधी जुळे, कधी फोनशी त्याचा संबंधच तुटे. शिवाय उन्हात फोन दिसत नव्हता. मामा डोक्यावर उपरणं घेऊन त्यात बघत होते. तरीही त्यांना गोळाच आवडला होता. त्यात मासे माशांसारखे दिसत होते.

मी त्यांना विहिरीतल्या सात माशांचं सांगितलं. ते म्हणाले, धरण म्हणजे काही विहीर नाही.

मामी वल्हं मारत होत्या. त्यांचं लक्ष तारेच्या यंत्राकडे होतं. तळाची रेघ सपाट चालली होती. मग दोन छोटे उंचवटे आले, पुन्हा सपाट, आणि एकदम रेघ खाली गेली. आकडा बावीस फुटांवरून चौतीसवर गेला. होडी थोडी पुढे सरकली तशी रेघ पुन्हा वर आली. मामींनी वल्हं थांबवलं.

"हे आपली इहीर हाये," त्या म्हणाल्या.

मामांनी मान वर केली नाही. "इथं कुठची इहीर?"

"मारुतीच्या पाराच्या पुढची. मी लग्न करून आली तवापासून धरणात गाव उठेपर्यंत इथूनच पाणी नेलं. हे मांगचे दोन उंचवटे गाई राखनाऱ्या गायकीच्या घराचे भिताडं. तुम्ही कधी पाणी शेंदलं का, तुमाले माहीत असाले?"

मामांनी उपरणं बाजूला करून तारेच्या यंत्राचा पडदा पाहिला. त्यांनी होडी मागे घ्यायला सांगितली. परत तिथूनच गेलो तर तेच उंचवटे, तोच खड्डा. मी दोरी सोडली. दगड चौतीस फुटांच्या जरा खाली टेकला. गाळात रुतला असावा. मामा दोरीची गाठ हातात धरून बसले. त्यानंतर मामी सांगत गेल्या, की आता उतार लागंल, आता पांदीच्या वाटेचा बांध येईल, आणि बऱ्याचदा पडद्यावर तसंच येत गेलं. दोनदा चुकल्या. दोन्ही वेळा त्यांनी स्वतःच, हे मले नाही आठवत, असं सांगितलं.

काठाला लागल्यावर मी विचारलं, कोणतं ठेवायचं? मामांनी गोळा माझ्या पिशवीत टाकला.

"मासे मी पाहून घेईन," ते म्हणाले. "खालचं खरं सांगनारं राहू दे."

मासे पूर्वीइतकेच मिळतात. पहिल्या महिन्यात तारेच्या जोडात पाणी शिरून यंत्र बंद पडलं. मी जोड पक्का करून दिला. जाळी मात्र कमी फाटतात. मागच्या खेपेला गेलो तेव्हा मामी होडीत पुढे बसल्या होत्या, पडदा मांडीवर, डोक्यावरचा पदर पुढे ओढून उन्हाला आडोसा केलेला. मामा वल्हं मारत होते आणि मधूनमधून त्यांना विचारत होते, इकडं घेऊ का.