घड्याळबाईचे दिवे

सकाळपासून कोरडा, बोचरा वारा सुटला होता. शोरूमच्या काचा रात्री पुसून ठेवलेल्या, तरी त्यांच्यावर बोटानं नाव लिहावं इतकी धूळ बसलेली. अंगणात ओळीनं उभ्या असलेल्या कोऱ्या गाड्यांच्या टपावर वाळकी पानं घसरत होती. मोठीनं स्कूटर लावली, ओढणी तोंडावरून सोडली आणि कपाटातून मऊ फडकं घेऊन पहिल्या गाडीत शिरली.

घरात ती मोठी. दोन भावांच्या दोन बायका, त्यातली थोरली ती. शोरूमात मात्र तिला सगळे घड्याळबाई म्हणत. विकली गेलेली गाडी मालकाच्या ताब्यात देण्याआधी त्याच्या शेजारी तासभर बसायचं आणि त्याला गाडी समजावून सांगायची, हे तिचं काम. कुलूप कसं लागतं, मागच्या दाराला पोरांसाठीचं कुलूप कुठं असतं, कुठला दिवा लागला की काय करायचं. आणि शेवटी घड्याळ. घड्याळ ती कधी स्वतः लावायची नाही. मालकाच्याच बोटानं लावून घ्यायची. म्हणायची, "आपल्या हातानं वेळ लावली की गाडी आपली होते. तोवर ती कंपनीची."

अकरा वर्षं झाली या कामाला. सुरुवातीला ती टेबलामागं बसून नुसती नावं लिहून घ्यायची. एकदा गाडी समजावणारा माणूस आलाच नाही आणि गिऱ्हाईक बूट आपटायला लागलं, तेव्हा हिनं गाडीचं पुस्तक उघडलं आणि गाडीत जाऊन बसली. त्या दिवसापासून ती खुर्ची सुटली ती सुटलीच. दिव्यांना तिनं आपली नावं ठेवली. तेलाचा दिवा म्हणजे किटली. इंजिनाचा म्हणजे कासव. चाकातल्या हवेचा म्हणजे तळ फाटलेलं पातेलं. "पिवळा दिसला तर हळू घरी जायचं. तांबडा दिसला तर आधी थांबायचं, मग घाबरायचं," हे तिचं वाक्य तर साहेबसुद्धा बाहेरच्यांना आपलं म्हणून ऐकवायचे.

इतकं सगळं होतं. फक्त एक नव्हतं. मोठीला गाडी चालवता येत नव्हती.

मुद्दाम लपवलं असं नाही. शिकायचं राहून गेलं. पुढं इतकी वर्षं लोटली की शिकायला जायचीच लाज वाटायला लागली. गाड्या हलवायचं काम अंगणातल्या ड्रायव्हरचं, आणि तो मुळात कमी बोलणारा. घरी कधी गाडीच नव्हती, तेव्हा तिथं विचारणार कोण? सासूबाई आल्यागेल्याला सांगायच्या, "आमची मोठी गाड्या शिकवते हो लोकांना." मोठी पदराआड हसायची आणि गप्प राहायची. गप्प राहणं हेही एक खोटंच असतं, पण त्याला पटकन कुणी नाव ठेवत नाही.

आणि आता घरात गाडी येत होती. धाकटीची.

धाकटी पडदे शिवायची. आधी खिडकीपाशी एक मशीन होतं, मग दोन झाली, मग लोकांच्या घरी जाऊन मापं घेणं सुरू झालं. कापडाची गाठोडी रिक्षात मावेनात. तिनं कुणाला न सांगता सकाळच्या बॅचला जाऊन गाडी शिकून घेतली, लायसन काढलं आणि एक दिवस जेवताना ते ताटाशेजारी ठेवलं. सगळे हरखले. मोठीनंही पाठ थोपटली, पण ते लायसन काही हातात घेऊन पाहिलं नाही. शिकायचं ते हिनं, आणि तेही दोन महिन्यांत!

तरी तिनं मनाची समजूत घातली होती, की गाडी आपल्याच शोरूमची आहे, ताब्यात आपणच देणार. घड्याळ आपल्यासमोर लावेल ती. चालवू दे तिला, शिकवणार तर आपणच.

त्या सकाळी फडकं खांद्यावर टाकून ती दिवसाची कामं वाटलेल्या फळ्यापाशी आली आणि थबकली. धाकटीच्या गाडीपुढं नवीचं नाव होतं.

नवी म्हणजे चार महिन्यांपूर्वी मोबाइलच्या दुकानातून आलेली मुलगी. हातात कायम टॅब, गळ्यात चष्म्याची साखळी, आणि गिऱ्हाईकाला पाच मिनिटांत "काका-काकू" करून टाकणारी जीभ.

"साहेब, फळ्यावर चूक झालीय," मोठी म्हणाली. "ती गाडी माझ्या जाऊबाईची आहे."

"चूक नाही हो," साहेब कागदातून मान वर न काढता म्हणाले. "त्यांनी स्वतः फोन करून सांगितलं. नव्या मॅडम चालतील म्हणाल्या."

चालतील म्हणाल्या. मोठीच्या कानशिलात कुणी सुई टोचावी तसं झालं. नऊ वर्षं एका चुलीवर स्वयंपाक केलेली बाई, आणि तिला ही परकी चालते!

गाडी तयार करायचं काम मात्र मोठीकडंच होतं. तिनं चाकातली हवा पाहिली, सीटांवरचं प्लास्टिक काढलं, दारं दोनदा लावून उघडून पाहिली. राग असला तरी कामात खोट ठेवणारी ती नव्हे. घड्याळावर बाराच्या आकड्याची उघडझाप चालली होती. तेवढ्यात नवी खिडकीशी वाकली.

"मॅडम, या मॉडेलचं घड्याळ कसं लावायचं हो? आकड्यांपाशी दोन काड्या आहेत, कुठलीही दाबली तरी लागत नाही."

मोठीला ठाऊक होतं. आधी उजवी काडी दाबून एकूण किलोमीटरचा आकडा वर आणायचा, मग डावी दाबून धरून मनात तीन मोजायचे. एका वाक्याचं काम.

"पुस्तकात आहे," मोठी म्हणाली आणि प्लास्टिकचा बोळा घेऊन चालू लागली.

दुपारी धाकटी आली. मोठीनं लांबून, खांबाआडून सगळं पाहिलं. गाडीत दोघी खिदळत होत्या. धाकटी बोट दाखवून काहीतरी विचारायची, नवी टॅबवर चित्र दाखवायची, धाकटी परत तेच विचारायची. जाताना धाकटी हात हलवत ओरडली, "ताई, येते हं! संध्याकाळी चक्कर मारू!" गाडी दारातून बाहेर पडली तेव्हाही आतलं घड्याळ बारा वाजून काही मिनिटंच दाखवत असणार. मोठीला त्यातच जरा गार वाटलं. संध्याकाळी डोकं दुखतंय म्हणून ती लवकर निजली.

दुसऱ्या दिवशी वारा तसाच होता. अकराच्या सुमाराला तिचा फोन वाजला.

"ताई, रागावू नका हं," धाकटीचा आवाज रडका झालेला. "तांबडा दिवा लागलाय. मी रस्त्याच्या कडेला थांबलेय. म्हणजे कडेला नाही, एका दुकानाच्या तोंडाशीच आहे."

"मग लाव की तुझ्या नव्या मॅडमना फोन."

"लावला. त्या दुसऱ्या गाडीत बसल्यात, उचलत नाहीत."

म्हणजे आपण दुसऱ्या नंबरावर. मोठीनं ओठ चावला. "कसलं चित्र आहे?"

"गोल आहे. गोलात उद्गारचिन्ह. ताई, मी घड्याळ लावत होते हो. ते लागेना म्हणून गाडी थांबवली, हँडब्रेक ओढला आणि त्या काड्या दाबत बसले. मान वर करून बघते तर हा दिवा! काडीनं काही मोडलं का आतलं?"

मोठीला त्या क्षणीच कळलं. हँडब्रेकचा दिवा तो. ब्रेक ओढला की लागतो, सोडला की विझतो. "ब्रेक खाली कर" एवढे तीन शब्द पुरे होते, फोनवरच. पण ते तीन शब्द तिच्या जिभेवरून परत पोटात गेले.

"काही हात लावू नकोस," ती म्हणाली. "येते मी."

स्कूटरवर ती निघाली तेव्हा तिच्या मनात सगळं चित्र तयार होतं. आपण पोचतोय, लोक बाजूला होतायत, धाकटी उतरतेय, आपण वाकून एक हात लावतो आणि दिवा विझतो. मग धाकटीच्या तोंडाकडं नुसतं बघायचं. काही बोलायचंच नाही.

हार्डवेअरच्या दुकानासमोर ती छोटी निळी गाडी आडवी उभी. मागं पाइप भरलेला टेम्पो अडकलेला. टेम्पोवाला खाली उतरून कमरेवर हात ठेवून उभा, आणि दुकानदार पायरीवरून उगाच "पुढं घ्या, पुढं घ्या" करतोय. धाकटी आत, काच बंद, डोळे भरलेले. मोठीला पाहताच तिनं घाईनं किल्ली उपसून तिच्यावरचं बटण दाबलं. खट्. परत दाबलं. खट्. उघडलं म्हणते तोवर पुन्हा बंद.

"दाबू नकोस!" मोठी काचेतून ओरडली. "आतली मूठ ओढ! एकदा ओढलीस की कुलूप निघेल, दुसऱ्यांदा ओढलीस की दार!"

धाकटीनं दोनदा ओढली, दार उघडलं, आणि गाडीनं जो टाहो फोडला! दिवे उघडझाप करतायत, भोंगा कोकलतोय. समोरच्या गॅलरीत दोन बायका येऊन उभ्या राहिल्या.

"चोर सापडला वाटतं," टेम्पोवाला म्हणाला. "आतच होता."

"किल्ली दे इकडं," मोठीनं हात पुढं केला, एक बटण दाबलं आणि सगळं चिडीचूप झालं. लोकांनी माना हलवल्या. तिला बरं वाटलं. वळसा घालून ती शेजारच्या सीटवर बसली, दार लावलं, धाकटीला किल्ली परत खोचून फिरवायला लावली आणि हात लांबवून हँडब्रेक खाली केला. तो गोल तांबडा दिवा विझला.

धाकटी बघतच राहिली. "एवढंच?"

"एवढंच."

"पण शिकायच्या गाडीत तर हँडब्रेक ओढून कधी दिवा लागला नाही!"

"त्या गाडीतले दिवे जळून गेले असतील सगळे. इतक्या वर्षांची गाडी ती."

आता तो क्षण आला होता, धाकटीच्या तोंडाकडं बघायचा. मोठीनं पाहिलं. धाकटी मनगटानं डोळे पुसत होती.

"ताई," ती म्हणाली, "मागं तो टेम्पो चिकटलाय. मला आता ही मागं घ्यायला जमणार नाही. तुम्हीच काढा ना."

"ओ ताई," टेम्पोवाल्यानं काचेवर टकटक केलं, "या बाईसाहेबांना सगळं येतंय. येणाऱ्याच्या हातात द्या. गाडी इथंच पिकत घातलीय का?"

धाकटी दार उघडून उतरायलासुद्धा लागली. मोठी जागची हलली नाही. पुढच्या काचेवर एक वाळकं पान येऊन चिकटलं होतं. ती त्याच्याकडं बघत राहिली.

"मला येत नाही," ती म्हणाली.

"काय?"

"गाडी. चालवायला. मला येत नाही."

धाकटी अर्धी बाहेर, अर्धी आत. "थट्टा करताय का, ताई?"

"अकरा वर्षं उंटावरून शेळ्या हाकतेय. दिवे येतात मला. रस्ता येत नाही."

मोठीला वाटलं, आता ही हसेल. हसलीच. पण नाकातून, रडता रडता, आणि परत आत येऊन बसली. "आणि मी तुमच्यासमोर बसायला घाबरले!"

"माझ्यासमोर? का?"

धाकटी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसत बसली. मागून भोंगा वाजला. "नव्या मॅडमना एक गोष्ट चारदा विचारली तरी चारदा सांगतात. तुम्ही पहिल्यांदाच म्हणता, 'अगं, एवढंही येत नाही?' गॅसचं बटण, दाराचं कुलूप, चादरीची घडी... नऊ वर्षं ऐकतेय, ताई. म्हटलं, एक गोष्ट तरी बाहेर शिकावी."

मोठीच्या तोंडून "अगं, एवढ्याशानं" निघणारच होतं. तिनं ते गिळलं.

"घड्याळ काल लागलं नाही ते माझ्यामुळं," ती म्हणाली. "नवीनं विचारलं होतं. मी सांगितलं नाही."

"का?"

"जळले. दुसरं काय?"

धाकटीनं एकदा तिच्याकडं पाहिलं. मग किल्ली बंद करून पुन्हा फिरवली. सगळे दिवे एकदम पेटले, किटली, कासव, पातेलं, आणि एकेक करून विझले. "मागं कुणी आहे का बघा," ती म्हणाली. मोठीनं काच खाली केली, मान बाहेर काढली आणि टेम्पोवाल्यावर खेकसली, "तोंड वाजवतोस त्यापेक्षा मागं हो की दोन हात!" गाडी गचके खात मागं सरकली, एकदा बंद पडली, परत सुरू झाली आणि शेवटी कडेला लागली.

धाकटीनं काड्यांकडं बोट दाखवलं. "आता सांगा."

"आधी उजवी. आकडा बदलला? आता डावी दाबून धर आणि तीन मोज."

धाकटीनं दाबली, पण दोनवरच सोडली. मोठीनं श्वास घेतला. "परत दाब," ती म्हणाली. तिसऱ्या खेपेला आकडे सरकायला लागले आणि अकरा बत्तीसवर तिनं बोट उचललं.

स्कूटर काढताना तिनं वळून पाहिलं. निळी गाडी इंडिकेटर देऊन गर्दीत शिरत होती, जरा घाबरत, पण शिरत होती. मोठीला पुन्हा तीच टोचणी लागली. सांगून टाकलं म्हणून ती काही जात नाही. फक्त आता मोठीला त्या टोचणीचं खरं नाव ठाऊक झालं होतं.

शोरूमात नवी दारातच भेटली. "मॅडम, तुमच्या जाऊबाईंचा फोन येऊन गेला, मी गाडीत होते. काय झालं?"

"काही नाही. हँडब्रेक." मोठीनं कपाटातून फडकं काढलं. दुपारच्या गिऱ्हाईकाची पांढरी गाडी उभी होती, त्याच मॉडेलची. "ये इकडं. बस. ती उजवी काडी दाब."

नवी चटकन बसली. "आणि मग?"

"मग डावी. तीन मोजायचे."

"तीन म्हणजे हळू तीन की भराभर?"

मोठीनं कपाळावरचे केस मागं सारले. "हळू," ती म्हणाली आणि सीटवरच्या प्लास्टिकचं टोक शोधून ते फाडायला लागली.