फावड्यांवर बसलेला शिपाई

हसणार नाही असं आधी कबूल करा, मगच सांगतो. कारण आजवर ज्याला ज्याला हे सांगितलं, त्याच्या हातातला चहा सांडलाय.

मी मूळचा माणदेशातला. आमच्याकडे पाणी आभाळातून येतं, तेही त्याच्या मनात आलं तर. रायगडात पोलीस भरती निघाली म्हणून इकडे आलो आणि पेणला शिपाई म्हणून लागलो. नव्वदीतली गोष्ट. मोबाइल नव्हते, माझ्याकडे होती एक सायकल आणि एक शिट्टी.

आमच्या साहेबांना एकाच गोष्टीची चीड होती. पोलीस नेहमी डोकं फुटल्यावर पोचतात, म्हणायचे. फुटायच्या आधी पोचणारा एक तरी दाखवा. त्यातूनच आम्हा काही जणांना रोह्याला शिबिरासाठी पाठवलं. विषय काय, तर धोका आधी ओळखायचा आणि मारामारी व्हायच्या आत थांबवायची.

शिकवायला पुण्याच्या एक मॅडम आल्या होत्या. फार छान शिकवायच्या हो, त्यांचा काही दोष नाही. म्हणाल्या, हिंसा अचानक होत नाही, आधी खुणा दिसतात. माणसं घोळक्यानं एकाच दिशेला धावू लागतात, हातात मिळेल ते उचलतात, आवाज चढतो, मागे बायका रडत असतात. अशा वेळी जमावाला खाली बसवा. हातातलं काढून घ्या. "आणि कारण ऐकत बसू नका," मॅडम म्हणाल्या, "कारण प्रत्येकाकडे असतंच. आधी शांत करा, मग ऐका."

हे शेवटचं वाक्य मी अगदी काळजात कोरून घेतलं. तिथेच घोळ झाला.

शिबिर संपवून आलो आणि दुसऱ्याच आठवड्यात कासूच्या पलीकडे, खाडीकाठच्या एका गावात समन्स द्यायला निघालो. गावाचं नाव सांगत नाही, तिथे अजून माझी आठवण काढतात. या गावाचं आणि शेजारच्या गावाचं वर्षभर बोलणं बंद होतं. कबड्डीच्या सामन्यात कोणीतरी कोणाचा तरी पाय धरून ठेवला होता, एवढंच कारण. पण सोयरिकी मोडल्या होत्या.

भर दुपार. अमावास्या. पाऊस उघडलेला, लख्ख ऊन, शेतात भात पोटरीला आलेलं. मी मजेत सायकल मारतोय आणि समोरून आरडाओरडा.

बघतो तर गावातून तीस-चाळीस माणसं धावत येतायत. प्रत्येकाच्या हातात फावडं, नाहीतर कुदळ, नाहीतर कोयता. मागे बायका. मी मनात म्हटलं, घोळका झाला, हत्यारं झाली, आवाज झाला. एवढ्यात दुसऱ्या बाजूनं शेजारच्या गावची माणसं. तीही फावडी घेऊन, तीही धावत. दोन्ही फौजा बरोबर जिथे एकत्र येणार, तिथे मी आणि माझी सायकल.

तुम्ही काय केलं असतं? खरं सांगा.

मी सायकल आडवी टाकली आणि जीव खाऊन शिट्टी फुंकली. "बसा खाली! सगळे बसा!"

सगळ्यांत पुढे या गावचे पांडूनाना होते. वय झालेलं, पण धावण्यात पहिले. ते धापा टाकत म्हणाले, "सायेब, बसायला काय सांगता? बांद फुटलाय. पानी शिरतंय."

"सगळं ऐकतो नाना. आधी शांत व्हा."

"आवो, खारं पानी! जनाबायचं शेत पयलं हाय त्याच्या तोंडाशी."

मी आभाळाकडे बघितलं. ढगाचा मागमूस नाही. पाऊस नाही तर पूर कुठला? आमच्या माणदेशी डोक्यात एवढंच गणित. समोरचा खाडीचा बांध उंच, हिरवागार, जागच्या जागी दिसत होता. आणि मॅडमचं वाक्य कानात वाजतच होतं, कारण प्रत्येकाकडे असतंच.

"कोणी फोडला बांध?" मी शेजारच्या गावाकडे बघत दरडावून विचारलं.

"खेकड्यांनी," त्यांच्यातला एक म्हणाला.

आता मला सांगा, ड्युटीवरच्या पोलिसाला असं उत्तर दिलं तर त्याला चेष्टा नाही वाटणार? माझं टाळकं सरकलं. दोन्ही गावांना समोरासमोर दोन रांगांत बसवलं. खाकीचा धाक तेव्हा होता, बसली बिचारी. सगळी फावडी-कुदळी गोळा केली, मध्ये ढीग लावला आणि कोणी उचलू नये म्हणून स्वतः त्या ढिगावर बसलो. मग शिबिरात शिकवलं होतं तसं म्हटलं, "डोळे मिटा. लांब श्वास घ्या."

कोणी डोळे मिटले नाहीत.

तेवढ्यात जनाबाई आली. एकटी बाई, नवरा गेलेला, वर्षाचं खाणं त्या एका शेतावर. पदर खोचलेला, चेहरा पांढराफटक. रांगेत बसलेल्या बाप्यांकडे बघून ती जागीच थांबली.

"बसलाव काय रं सगळं?"

"सायेब उटू देत नाय गो," नाना म्हणाले.

ती माझ्याकडे वळली. ओरडली नाही. "सायेब," म्हणाली, "भरती हाय. खारं पानी एकदा शिरलं का दोन-तीन वर्सं त्या मातीत दाना धरत नाय. मी खाऊ काय?"

भरती म्हणजे काय ते मला माहीत होतं हो, शाळेत शिकलो होतो. पण ती भर उन्हात, बिनपावसाची, माणसाच्या शेतात येते, हे कोणी सांगितलं होतं?

त्याच वेळी बुटात काहीतरी गार लागलं. खाली बघितलं तर भाताच्या खाचरातून पाणी गुपचूप माझ्या पायाशी येऊन थांबलं होतं. बोट बुडवून चाटलं. खारट.

मान वर केली. दोन्ही रांगा उभ्या राहिल्या होत्या. दोन्हींची तोंडं एकाच दिशेला, म्हणजे माझ्याकडे. आवाज चढलेला, हातात चिखलाची ढेकळं, मागे बायकांची रडारड, पुढचे दोघे एकेक पाऊल पुढे. मॅडमनी सांगितलेली एकूण एक खूण मला तेव्हा स्वच्छ दिसली. त्या दिवशी मी धोका बरोबर ओळखला तो एवढाच.

मी ढिगावरून उडी मारली आणि पहिलं फावडं स्वतः उचललं. "चला!"

पुढचं काय सांगू. खेकड्यांनी खरंच बिळं पाडून बांध पोखरला होता; त्या फुटलेल्या जागी कमरेपर्यंत पाण्यात मला उभं केलं. बांध दोघांचाही, म्हणून वर्षभर न बोललेली दोन गावं खांद्याला खांदा लावून चिखलाचे गोळे पुढे देत होती आणि त्यातला दर दुसरा माझ्या पाठीवर बसत होता. चुकून, असं ते म्हणाले. बांधाचं तोंड बुजलं. जनाबाईचं शेत वाचलं, पण बांधालगतचा एक पट्टा गेलाच. तो माझ्यामुळे गेला. तिनं मला एका शब्दानं बोल लावला नाही, आणि ते मला फार लागलं. पुढे खार निघून तो पट्टा गोडा होईपर्यंत माझ्या पगारातून घेतलेले तांदूळ मी दर सुगीला तिच्या ओट्यावर नेऊन ठेवायचो.

दुसऱ्या दिवशी दोन्ही गावं मिळून ठाण्यात आली, माझी तक्रार घेऊन. साहेबांनी ऐकून घेतलं, मला आत बोलावलं.

"या दोन गावांचं बोलणं बंद होतं ना?"

"होय सर."

"आता एका गाडीतून आलेत, एका ताटात भजी खातायत. कसं काय जमवलंस?"

"सर, दोघांनाही माझा सारखाच राग आहे."

साहेबांनी ते पुण्याला मॅडमना कळवलं, तर त्यांनी शाबासकी धाडली आणि पद्धत विचारली. ती मी आजवर कळवलेली नाही.

पण शिबिराचं चीज झालं म्हणायचं. त्यानंतर दर अमावास्या-पुनवेच्या, म्हणजे मोठ्या भरतीच्या उधाणाच्या, आदल्या दिवशी पांडूनाना सकाळी सकाळी ठाण्याच्या दारात हजर. आत येत नसत. बाहेरूनच हळूच विचारायचे, "उंद्या आमच्या बाजूला ड्यूटी कोनाची हाय? तो माणदेशी तर नाय ना?"

मीच आतून ‘नाही’ म्हटलं की सुटकेचा श्वास टाकून जायचे. धोका आधी ओळखायचा म्हणतात, तो असा.